गाडी वेशीवर थांबेल

तुम्ही शेवटचं एखादं नदीखोरं बघून आलात, तेव्हा कोणाला विचारून बघितलंत?

धबधबा पाहिलात, किल्ल्यावर चढलात, डोहात पाय सोडून फोटो काढलात, येताना रस्त्याच्या कडेला वड्याचे कागद टाकलेत. ते सगळं ठीक. पण विचारलंत कोणाला? "निसर्गाला काय विचारायचं? तो सगळ्यांचाच असतो," असं तुम्ही म्हणाल. वाशीतले सगळे सुशिक्षित लोक असंच म्हणतात. स्वतःच्या सोसायटीच्या गच्चीवर शेजारच्या इमारतीतलं पोर पतंग उडवायला आलं, की मात्र हेच लोक सेक्रेटरीला हाक मारतात.

हा प्रश्न माझा नाही. माझा असता तर मी त्याचं पत्रक छापून स्टेशनबाहेर वाटलं असतं आणि तुम्ही त्यात चणे बांधून घेतले असते. हा प्रश्न आमच्या घरमालकांचा.

नवी मुंबईतल्या बोनकोड्यात त्यांच्या चाळीत आम्ही भाड्याने राहायचो. आम्ही मराठवाड्यातून आलेलो, वडील वाशीच्या मसाला बाजारात वजनकाट्यावर. मी कॉलेज करून उरलेल्या वेळात एका संघटनेसाठी पत्रकं लिहायचे. पत्रकांचे गठ्ठे खोलीत मावायचे नाहीत म्हणून ओटीवर ठेवलेले असत आणि मालक त्यावर बोंबील वाळत घालत. मी भांडले की म्हणत, "पोरी, तुजा कागद लय चांगला हाय. तेल सोसतो."

त्यांना मालक म्हटलेलं मात्र आवडत नसे. "जवा खरा मालक व्हतो तवा कोनी हाक मारली नाय. आता चार खोल्यांचा हाय, तं लागले सगले मालक मालक कराला."

म्हणजे काय ते सांगते. आमच्या चाळीच्या भोवती जे सेक्टर उभे होते, जिथे बाल्कनीत तुळस आणि खाली स्कूटर असं सुखी जग नांदत होतं, तिथे त्यांची भातशेती होती. पलीकडे मिठागर. शहर वसवायला जमीन गेली. मोबदल्यातलं बरंचसं भावकीच्या भांडणात आणि पोरींच्या लग्नात गेलं. उरल्यासुरल्यातून त्यांनी एक मॅटाडोर घेतली. आठवडाभर ती शाळेची पोरं वाहायची आणि थंडीतल्या रविवारी सेक्टरातल्या लोकांना निसर्ग दाखवायला न्यायची.

कुठे, ते मी सांगणार नाही. पनवेलच्या पुढे, डोंगरात, एवढं पुरे. नाव सांगितलं की पुढच्या रविवारी तुम्ही हजर. मालकांची धाकटी बहीण त्या खोऱ्यात दिलेली होती, म्हणून त्यांना वाटा माहीत. वर तुटक्या दरवाजाचा किल्ला, त्याच्या पोटात लेणी, खाली नदीने कोरलेले रांजणाएवढे खळगे, त्यांच्या खाली जुना दगडी घाट, आणि घाटापाशी जांभळीच्या सावलीतला डोह. डोहाला लागून बहिणीचं शेत. एका दिवसात निसर्ग आणि इतिहास दोन्ही उरकत असल्यामुळे नोकरदार वर्गात ही सहल फार लोकप्रिय होती.

पण मालकांची सहल पनवेलच्या पुढे सुरू व्हायची नाही. ती बोनकोड्यातून गाडी बाहेर काढल्या काढल्या सुरू व्हायची.

"उजव्या हाताला बघा, आमची शेती." उजव्या हाताला चार मजली इमारत, दोरीवर बनियन. "समोर बघा, मिठागर." समोर पेट्रोलपंप. "डावीकडं बांध हाय, पोरांना बाहेर हात काडू देव नका, पानी खोल हाय." डावीकडे ब्युटी पार्लर.

वाशीचे एक निवृत्त बँकसाहेब दर हिवाळ्यात एकदा तरी यायचे. डोक्यावर कॅप, गळ्यात दुर्बीण. ते एकदा वैतागून म्हणाले, "अहो, प्रेक्षणीय स्थळं केव्हा सुरू होणार?"

"सुरूच हायेत की साहेब. तुमाला दिसत नाय, तं मी काय करू? पुढं जी दिसतील ती पन अशीच व्हनार हायेत. आतापासून सवय करा."

गाडी हसली. मालकांच्या बोलण्याला हसायचं, हे सेक्टरातल्या लोकांनी पहिल्यापासून ठरवून टाकलेलं होतं. तिकिटात करमणूक धरलेली असते.

लेण्यांपाशी त्यांचा एक वेगळाच प्रकार असे. इथे भिक्खू राहायचे, पावसाळाभर ही त्यांची घरं असायची, असं मी त्यांना एकदा सांगितलं होतं. माझ्या असंख्य भाषणांपैकी तेवढं एकच वाक्य त्यांच्या डोक्यात शिरलं. तेव्हापासून ते प्रत्येक लेण्याच्या दाराशी चपला काढून थांबायचे आणि आतल्या अंधाराला विचारायचे, "येव का?" मग जरा वाट बघायचे. मग आत जायचे. मागे पंधरावीस माणसं ताटकळलेली.

"आत आहे कोण?" बँकसाहेबांनी विचारलं.

"कोनी नाय. म्हनून तं विचाराचा. मानूस असता तं त्यानीच हाकलला असता."

ऐरोलीच्या एका तरुणाने याच लेण्याच्या खांबावर किल्लीने स्वतःचं नाव कोरलं, शेजारी एका मुलीचं, मध्ये बदाम. मालकांनी पाहिलं. परतीच्या वाटेत त्याला अगदी प्रेमाने पत्ता विचारून घेतला. दुसऱ्या दिवशी ते त्याच्या घरी गेले. त्याच्या आईने पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी पेला खाली ठेवला, खिशातून विटकरीचा तुकडा काढला आणि हॉलच्या नव्या रंगाच्या भिंतीवर आपलं नाव लिहायला घेतलं. त्यांना तेवढंच लिहिता यायचं आणि तेही सावकाश. आई ओरडली, वॉचमन आला, सेक्रेटरी आला.

"हॉल लय आवडला," मालक म्हणाले. "आठवन म्हनून लिवला."

पुढच्या रविवारी तो तरुण आपणहून गाडीत बसला आणि दिवसभर खांबापाशी घासत बसला. नावं पुसट झाली. बदाम राहिला. बिचारीचं दुसऱ्याच मुलाशी लग्न झालं म्हणतात.

आता त्यांच्या मुख्य खुळाकडे येते. गाडीच्या पुढच्या काचेवर त्यांनी पेंटरकडून लिहून घेतलं होतं: "गाडी वेशीवर थांबेल." नव्या माणसाला वाटे, लघवीसाठी. पण तसं नव्हतं. बहिणीच्या गावाच्या वेशीवर, गावदेवीच्या दगडापाशी गाडी थांबायची. सगळ्यांनी उतरायचं. तिथे जे कोणी बसलं असेल, म्हातारा, बाई, शेळ्या राखणारी पोर, त्यांच्यापुढे एकेकाने जाऊन सांगायचं: नाव काय, कोणाचा, कुठला, कशाला आला. त्याशिवाय ना डोह, ना किल्ला.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा गाडीतून उतरलेच नाही.

"उतर पोरी."

"नाही उतरणार. आमच्या आजीला वेशीवरच थांबवायचे, मालक. 'कोणाची' म्हणून विचारलं की त्याच्यापुढे काय असतं, ते मला पक्कं ठाऊक आहे. तुमची ही जुनी चाल तुम्हाला लखलाभ."

ते गाडीचं दार लोटून बाकीच्यांकडे गेले. घरी वडील कपाळाला हात लावून बसले. "झालं. तुझ्या तोंडापायी खोली गेली."

चार दिवसांनी मालक आमच्या दाराशी आले. स्वतःच्या चाळीतली, स्वतःच्या मालकीची खोली, पण उंबऱ्याबाहेर थांबून म्हणाले, "येव का?"

वडील उठून उभेच राहिले. मालक आत आले, जमिनीवर बसले.

"जुनी चाल नाय ती, पोरी. मीच काढलेली हाय. सवाल कुठून कुठून उचलले, त्यांच्यात तो 'कुनाचा' पन आयला. काढून टाकला. 'कुठला' पन काढला. आता दोनच. नाव, नि कशाला आयलाव. चालंल?"

"नाव म्हणजे नुसतं नाव. आडनाव नाही."

"अगो, आरनाव हवा कुनाला? माज्या लक्षात तरी कुठं ऱ्हातंय?"

आमच्या संघटनेत एका ठरावातला एक शब्द बदलायला अख्खा पावसाळा जात असे. दोन बैठका, एक फूट. इथे काम एका कप चहात झालं. मी त्या आठवड्यात पत्रक लिहिलं नाही. काय लिहावं ते सुचेना.

मग मी विचारलं, जुनी चाल नाही, तर काढली कशाला?

ते ती गोष्ट सगळ्यांनाच सांगत, विचारलं तरी आणि नाही विचारलं तरी. ते जवान असताना बांधावर टोप्या घातलेले साहेब आले. खाडी बघतात, पाखरं बघतात, गावाला वाटलं पाहुणे. आगरी गावात पाहुण्याला कशाला आलात म्हणून विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. कोणी विचारलं नाही. घराघरातून तांदळाच्या भाकरी गेल्या, जिताडा मासा कापला. दुसऱ्या खेपेला साहेब मोजणीची साखळी घेऊन आले. साखळीचं एक टोक धरायला त्यांना माणूस हवा होता.

"मी धरला," मालक म्हणायचे. "हौशीनी. चिखलात परली तं धुतली साकली, पुसली. आमचे बांध मीच दाकवले. यो आमचा, यो काकाचा. साहेब बोलला, शाबास."

आणि मग ते आपलं ठरलेलं वाक्य म्हणायचे, जे मी संघटनेच्या पत्रकावर छापावं म्हणून वर्षभर भांडले आणि जे भाषा अशास्त्रीय म्हणून नामंजूर झालं: "बघाला आयलेला मानूस दुसऱ्या खेपंला मोजाला येतो."

हे वाक्य सांगणारा माणूस दर रविवारी पंधरावीस माणसं भरून आपल्या बहिणीच्या शेताकडे बघायला नेत होता. माझ्या लक्षात ही गंमत आली नाही. त्यांच्याही आली नाही.

एका हिवाळ्यात गाडीत सफारी सूट घातलेले एक गृहस्थ होते. वेशीवर नाव सांगून म्हणाले, "बघायला आलो." मालकांच्या बहिणीने, त्यांना आमची सगळी चाळ आत्या म्हणायची, नेहमीप्रमाणे सगळ्यांना पोपटी खाऊ घातली. मडक्यात वालाच्या शेंगा भरून, भांबुर्ड्याचा पाला कोंबून, मडकं उलटं जाळात. सफारीवाल्यांनी बोटं चाटली. "ताई, स्वर्गात राहता हो," म्हणाले.

पुढच्या हिवाळ्यात आत्या स्वतः बोनकोड्याला आल्या. डोक्यावर वालाच्या शेंगांचं गाठोडं होतं. ते खाली ठेवायच्या आधीच बोलल्या.

"दादूस, तुज्या गारीतला त्यो सफारीवाला परत आयलाय. या खेपंला फीत घेऊन."

मालक जेवत होते, त्यांनी ताट सारलं.

डोहालगतचं शेत आत्या आणि त्यांचा दीर यांचं मिळून होतं. नवरा वारलेला. सफारीवाल्याला तिथे फार्महाऊसची योजना करायची होती. दीर तयार झाला होता. राहिला होता आत्यांचा अंगठा. तो एक मिळाला की सगळं शेत प्लॉटांत जाणार होतं.

दोनच दिवसांत सफारीवाले गृहस्थ आमच्या ओटीवर, माझ्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसलेले. "रविवारी गिऱ्हाईकं न्यायचीत जागेवर. गाडी तुमचीच घेऊ. किल्ल्याबिल्ल्याची माहिती तुम्ही छान देता. आणि तुम्ही घरचेच. ताईंना दोन शब्द समजावा. बाई माणूस आहे, उगाच भिते."

"नेतो की," मालक म्हणाले.

तो गेल्यावर मी पेटले. "मालक, विकले गेलात तुम्ही!"

"तू पन ये गारीत," ते म्हणाले. "पत्रकं आनू नको."

त्या रविवारी गाडी गच्च भरली. बँकसाहेब होतेच, दुर्बिणीसकट. वाशीच्या कांदाबाजारातले एक साताऱ्याकडचे दलाल, शेजारी त्यांची बायको, हातात पिशवीभर चिवडा. पुढच्या सीटवरून सफारीवाल्यांनी सगळ्यांना पढवलं. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, तेव्हा कोणी विचारलंच तर काय म्हणायचं? शेतकरी. कागदाचं ते बघतील. मग बँकसाहेबांनी खिडकीतून पेट्रोलपंपाकडे बघत दोनदा हळूच म्हणून पाहिलं, "मी शेतकरी." दलालांना सराव लागला नाही, त्यांचं गावाकडे खरंच रान होतं.

मालक त्या दिवशी स्थळं दाखवत नव्हते. शेती, मिठागर, बांध, सगळं मुकाट मागे गेलं. हसायला काही मिळालं नाही म्हणून गाडी नाराज होती.

वेशीवर गाडी थांबली.

"अहो, आज थेट शेतावर घ्या," सफारीवाले म्हणाले.

"काचंवं काय लिवलंय ते वाचा."

गावदेवीच्या दगडापाशी आत्या बसल्या होत्या. मागे गावातल्या सातआठ बाया. बाजूला जाळ, जाळात मडकं.

पहिले बँकसाहेब. नाव सांगितलं.

"कशाला आयलाव?" आत्यांनी विचारलं.

"आम्ही... शेतकरी आहोत."

"मागच्या खेपंला तं बँकेचे साहेब व्हताव."

बाया हसल्या. साहेबांनी कॅप काढून परत घातली. "म्हणजे, शेती करायला आलो."

"बरा झाला. कंच्या शेतान?"

सफारीवाले मध्ये पडले. "ताई, आपलंच ते. जांभळीखालचं."

"त्या शेतान तं मी करतंय," आत्या म्हणाल्या.

रागाने नाही. जागा धरून बसलेल्या माणसाने सांगावं, इथे मी बसलेय, तसं. मी आयुष्यात पुष्कळ घोषणा लिहिल्या आहेत. समोरचा गप्प झाला अशी एकही नाही.

मग दलालांच्या बायकोने नवऱ्याकडे बघितलं. "काय वो, तुमी तर म्हनालावता मोकळी जागा हाय."

"अगं, मोकळीच. म्हणजे होणार..."

"ह्या बाईचा वाल हुबा हाय की तिथं! दिसतोय हितनं." ती पुढे झाली, आत्यांसमोर उभी राहून तिने आपलं नाव सांगितलं आणि म्हणाली, "तुमचं रान घ्यायला आल्तो, बाई. आता नाय घ्यायचं."

"अगं पण..."

"गप बसा. आपल्या रानात असं कोन गाडीतनं उतरलं असतं, तर आमच्या सासूबाईंनी कोयता काढला असता. हितं ही मडकं लावून बसलीया."

त्या दिवशी दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर देणारी ती एकटी. बाकीच्यांनी काय सांगितलं? कोणी "बघायला", कोणी "ह्यांच्याबरोबर", एकाने "हवापालट". "घ्यायला" हे तीन अक्षरी क्रियापद एवढ्या शिकलेल्या तोंडांतून बाहेर पडेना.

"तुमचा ऱ्हायला," मालक सफारीवाल्यांना म्हणाले.

"मला ओळखतात सगळे."

"नाव ओलकतात. कशाला आयलाव ता सांगा."

"ताईंच्या भल्यासाठी."

"माजा भला कराला येवरी मानसा?" आत्यांनी गाडीभर नजर फिरवली. "बसा. शेंगा झाल्यान."

आणि मडकं फोडलं. हाकलून दिलं असतं तर गिऱ्हाईकांना बरं वाटलं असतं. रागावता तरी आलं असतं. पण पाहुणे होते ते. सगळे खाली मान घालून शेंगा सोलत बसले. सफारीवाल्यांनी दोनदा मागून घेतल्या. आत्यांनी वाढल्या. अंगठा दिला नाही.

इथे गोष्ट संपवली असती तर माझ्या संघटनेला आवडलं असतं. जनतेचा विजय वगैरे. पण मी खोटं लिहीत नाही.

सफारीवाल्याने पुढच्या महिन्यात स्वतःची गार काचांची बस आणली आणि नदीच्या वरच्या अंगाने नवा रस्ता पाडून घेतला. त्या रस्त्याला वेस नाही. दिराने वाटणी करून आपला अर्धा भाग विकला. आज तिथे कंपाऊंडच्या भिंती आहेत, झोपाळे आहेत, एका बंगल्यात विजेवर चालणारा धबधबा आहे, खऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. त्यांना खेटून आत्यांची पट्टी. तिच्यात दर थंडीला वाल उभा असतो. अंगठा अजून त्यांच्याच हाताला आहे.

बँकसाहेबांनी प्लॉट घेतला. तिथे पहिली गोष्ट बांधली ती फाटक, आणि फाटकावर पाटी. मालकांना मी ती वाचून दाखवली: "परवानगीशिवाय आत प्रवेश करू नये."

त्यांना ती फार आवडली. पुन्हा वाचायला लावली. मग चपला काढल्या आणि फाटकातून आत बघत विचारलं, "येव का?"

वॉचमनने हाकललं.

"बघ पोरी," परत येताना ते म्हणाले, "साहेब शिकला. उशिरा शिकला, पन शिकला."

त्यानंतर त्यांनी सहली बंद केल्या. मागच्या पावसाळ्यानंतर ते गेले. मॅटाडोर चाळीमागे उभी आहे, तिच्यात कोंबड्या बसतात. काचेवरची अक्षरं अजून वाचता येतात.

थंडी सुरू झाली आहे. तुमच्या सोसायटीच्या फळ्यावर सहलीची सूचना लागली असेल. मी तुम्हाला जाऊ नका असं म्हणत नाही. फक्त एक करा. पहिल्या गावाच्या वेशीवर गाडी थांबवा. उतरा. तिथे जे कोणी बसलं असेल, त्याला आपलं नाव सांगा. आडनाव नको. आणि कशाला आलात ते मोठ्याने सांगा, तुमच्या बायकोला, मुलांना आणि ड्रायव्हरला ऐकू जाईल असं. ते वाक्य तोंडातून निघालं, तर पुढे जा, डोह सुंदर आहे.

नाही निघालं, तर गाडी तिथूनच वळवा.